टायरची चकाकी किती दिवसांची?

दुकानात टायर पॉलिश म्हणून जे मिळते त्यातले जास्त दिवस टिकणारे कोणते, असा प्रश्न चिपळूणकडच्या एका भगिनीने आम्हाला विचारला आहे. त्यांचे पती आखातात नोकरीला. गाडी वर्षातले दहा महिने अंगणात पत्र्याखाली उभी. आता दिराच्या निकाहसाठी सगळे घरी येणार, गाडी धुऊन लख्ख झाली, पण टायर मात्र तपकिरी, विटलेले दिसतात. प्रश्न साधा आहे. पण या काळ्या चकाकीने आम्हाला एकदा चांगलेच फसवले आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार.

आधी तो तपकिरी रंग येतो कुठून ते सांगतो. टायर काळा असतो तो रबरात मिसळलेल्या काजळीमुळे. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतात, म्हणून कारखान्यातच त्यात मेणासारखे आणि भेगा रोखणारे काही पदार्थ घालतात. गाडी चालते तेव्हा टायर दबतो, फुगतो आणि हे पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात. तिथे हवेशी संयोग होऊन ते तपकिरी पडतात. म्हणजे ती निव्वळ घाण नव्हे, टायर आपले स्वतःचे रक्षण करतो त्याची ती खूण आहे. उभ्या गाडीचे टायर दबत नाहीत, त्यामुळे हे रक्षण नीट पोहोचत नाही आणि भेगा लवकर पडतात. ‘गाडी वापरलीच नाही, टायर नवेच आहेत’ असे आपण म्हणतो ते म्हणूनच खरे नसते.

आता पॉलिशविषयी. बाटल्यांवर नावे शंभर असली तरी आत मुख्यतः दोन प्रकार असतात. एक दुधासारखा पांढरा, पाण्यात कालवलेला. तो लावला की टायर नव्यासारखा मंद काळा दिसतो, हाताला फारसा चिकटत नाही, रबराला सौम्य असतो. टिकतो मात्र थोडेच दिवस, आणि आमच्या कोकणच्या पावसात तर तेवढेही नाही. दुसरा पारदर्शक, दाट, पेट्रोलसारखा वास येणारा. हा चमकतो फार आणि टिकतोही जास्त, पण तो पूर्ण सुकतच नाही. धूळ त्यावर बसते आणि चाक फिरू लागले की त्याचे काळे शिंतोडे दारावर उडतात. आमच्या घरच्या एका लग्नात भाच्याने वरातीच्या अर्धा तास आधी हौसेने हेच पॉलिश फासले. गाडी हॉलवर पोहोचली तोवर मागच्या दारापर्यंत काळे ठिपके, आणि खाला उतरताना त्यांच्या मोतिया रंगाच्या ओढणीला जो डाग लागला तो आजतागायत गेलेला नाही.

अलीकडे तिसरा प्रकार मिळतो. हा रबरावर सुकून घट्ट बसतो, कोटिंग म्हणतात त्याला. महाग आहे, पण काही आठवडे, कधी काही महिनेही राहतो. टिकाऊपणाच हवा असेल तर हाच घ्यावा. फक्त आधीचे तेलकट पॉलिश जराही शिल्लक असेल तर तो बसत नाही, पापुद्रे सुटतात.

खरे तर कोणतेही पॉलिश टिकते ते बाटलीपेक्षा धुण्यावर. कडक ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन टायरची बाजू घासायची. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. पुन्हा घासा. फेस पांढरा राहीपर्यंत थांबायचे नाही, आणि यात आपण सगळेच आळस करतो. मग टायर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. स्पंजवर थोडेसे पॉलिश घेऊन पातळ हात मारायचा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचे पुसायचे आणि हवा तर दुसरा पातळ हात द्यायचा. पांढरे फडके फिरवून काळे लागत नसेल तरच गाडी रस्त्यावर काढावी. निकाह सकाळी असेल तर हे काम आदल्या दिवशी दुपारीच उरका.

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर पॉलिश कधीही लावू नका. ब्रेकच्या चकतीवर उडू देऊ नका. मुले मोटारसायकलच्या टायरवर उरलेले पॉलिश मारतात, त्यांना तर सक्त मनाई करा. वळणावर दुचाकी कलते तेव्हा टायरची कडही रस्त्याला लागते. वॉशिंग सेंटरवर डिझेल किंवा जळके ऑइल मारून टायर काळे करून देतात, तेही नको. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते.

आता आमच्या फसवणुकीची गोष्ट. 2022 साली आम्ही जुनी गाडी घेतली. गाडी 2014 ची, फारशी न चाललेली. विकणाऱ्याने ती दाखवली तेव्हा टायर काळेशार, ओल्या काजळासारखे चमकत होते. नक्षीही शाबूत. आम्ही टायरांवर हात फिरवून खूश झालो. महिनाभराने मुलांना घेऊन कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी एक चाक पंक्चर झाले. पंक्चरवाले चाचा वयस्क होते. त्यांनी टायर उतरवला, टपातल्या साबणाच्या पाण्यात बुडवला, बाजू घासली आणि आमच्यासमोर धरला. सगळ्या बाजूवर बारीक भेगांचे जाळे. काहींत नखाचे टोक जात होते.

“टायर कधीचे आहेत?” त्यांनी विचारले.

“नवेच दिसतात की, चाचा.”

“दिसतात. हे वाचा.” त्यांनी काठावरच्या लंबगोलातले चार आकडे दाखवले: 3514. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2014 चा पस्तिसावा आठवडा. आठ वर्षांचे टायर, आणि मागच्या सीटवर आमची तीन मुले. घाट आम्ही रिक्षाच्या वेगाने उतरलो, एकही शब्द न बोलता. घरी येऊन बाकीचे तिन्ही धुतले. तेही तसेच. चारही टायर आणि स्टेपनी बदलण्यात त्या तिमाहीच्या शाळेच्या फीचे पैसे गेले.

म्हणून भगिनी, पॉलिश आणण्याआधी टायर धुऊन ते चार आकडे वाचा. बाहेरच्या बाजूला पूर्ण दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. पाच वर्षे उलटली असतील तर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षे झाली असतील तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदला. बहुतेक टायर कंपन्याही हेच सांगतात. भेगा दिसल्या तर पॉलिशचे पैसे टायरसाठी ठेवा. दहा महिने उभ्या गाडीत हवाही उतरलेली असणार, ती भरून घ्या. सगळे ठीक निघाले तर तुमच्यासाठी दुधासारखे पॉलिश पुरेसे आहे, कारण लग्नानंतर गाडी पुन्हा पत्र्याखालीच जाणार. कोटिंगचा खर्च रोज गाडी वापरणाऱ्यांनी करावा.

गेल्या वर्षी आम्ही ती गाडी विकली. भाचा बाटली घेऊन हजर. “मामू, एक हात मारू द्या. भाव चढेल.” ऐब सांगून माल विकावा, हे आम्ही लहानपणापासून घरात ऐकत आलो, आणि घाटातला तो साबणाचा टपही डोळ्यांसमोर होता. त्याला म्हटले, नुसते साबणाने धू. पुढचे दोन टायर घासले गेले होते. नक्षीच्या खोबणीत 1.6 मिलिमीटर उंचीचे जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या जवळ नक्षी आली होती. गाडी बघायला आलेल्या शिक्षकांना आम्ही ते बोट लावून दाखवले. त्यांनी दोन टायरांची किंमत कमी केली. भाचा संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलला नाही. त्याची ती बाटली आम्ही गाडीबरोबरच त्यांना देऊन टाकली, नवे टायर बसवल्यावर वापरा म्हणून.