नाणं टाका, तीर्थ घ्या!



आषाढी एकादशी झाली की पंधरा दिवसांनी वद्य एकादशी येते. त्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवला परतवारी असते. पंढरपूरहून परतलेले वारकरी नामदेव महाराजांच्या या जन्मगावी, कयाधू नदीच्या काठी, मोठ्या गर्दीने येतात. लाह्या, बत्तासे, बुक्का, तुळशीच्या माळा यांची दुकानं लागतात. आता कल्पना करा, त्या रांगेतल्या एका दुकानात दुकानदारच नाही! नुसता एक डबा. वरून नाणं टाकलं की खालून तीर्थ येतं.

हसलात ना? पण असं यंत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खरोखरच सुचलं होतं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा मोठा गणिती आणि यंत्रकार होता. देवळात येणाऱ्यांसाठी त्याने या यंत्राचं वर्णन लिहून ठेवलंय.

आत काय असेल? वीज नाही, मोटार नाही, फक्त एक तरफ! पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेवा. एका टोकावर नाणं ठेवलं की दुसरं टोक वर उचललं जातं. हेरॉनच्या यंत्रात त्या दुसऱ्या टोकाला बूच जोडलेलं होतं. नाणं पडलं की बूच उघडायचं, पाणी वाहायचं. टोक कलता कलता नाणं घसरून खाली पडलं की बूच बंद! म्हणजे जेवढे पैसे, तेवढंच तीर्थ.

पुढे माणसांनी अशा यंत्रातून काय काय विकलं! १८२२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकाने चक्क बंदी घातलेली पुस्तकं विकली. पुस्तक विकणाऱ्याला सरकार तुरुंगात टाकायचं. म्हणून त्याने यंत्र केलं. तबकडी हव्या त्या पुस्तकाच्या नावावर फिरवा, पैसे टाका, पुस्तक हजर! विकलं कुणी? कुणीच नाही! सरकार मात्र फसलं नाही. त्याच्या एका नोकराला शिक्षा झालीच.

जपानात आज भाजलेला मासा घातलेलं सूपचं पाणी बाटलीत भरून यंत्रातून विकतात. लांब कशाला जायचं? एके काळी मराठवाडा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी हैदराबाद. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये सोन्याची नाणी देणारं यंत्र बसलं, अर्ध्या ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत!

पण मला सोन्याच्या यंत्रापेक्षा तांदळाचं यंत्र जास्त मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते ओडिशातल्या भुवनेश्वरला सुरू झालं. शिधापत्रिकेचा नंबर टाकला की हक्काचं धान्य मोजून पिशवीत पडतं. रांगेतला माणूस गरीब आहे म्हणून माप मारलं जात नाही. आपल्याकडे अनेक शाळांमध्ये मुलींसाठी सॅनिटरी पॅड देणारी यंत्रं आहेत. दुकानात चार लोकांसमोर मागायचा संकोच वाटतो, तो इथे वाटत नाही. यंत्र तोंड बघत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आणि हाच त्याचा दोषही! वही घ्यायला गेलात आणि दोन रुपये कमी पडले, तर गावातले दुकानदारकाका म्हणतात, “घेऊन जा रे, उद्या आणून दे.” यंत्र असं म्हणेल? परतवारीत दमलेल्या आजीला पाहून, “माय, बस जरा, पाणी घे,” असं म्हणणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

तेव्हा आज आईबाबांना जवळ बसवा आणि दोन गोष्टी ठरवा. आपल्या गावात यंत्रातून मिळायलाच हवी, अशी एक वस्तू कोणती? आणि माणसाच्या हातूनच मिळायला हवी, अशी एक कोणती? दोन्हींचं कारणही लिहायचं बरं का! तुमच्या पत्रांची वाट पाहतोय.