रूपकातले वेड आणि घरातला रुग्ण

मराठी समीक्षेला गेल्या तीन-चार दशकांत जे शब्द फार प्रिय झाले, त्यांत 'छिन्नमनस्क' हा एक. महानगरातला माणूस छिन्नमनस्क, जागतिकीकरणानंतरचा काळ छिन्नमनस्क, मध्यमवर्गाची संवेदना छिन्नमनस्क. प्रबंधांच्या प्रकरणांना आणि चर्चासत्रांच्या निबंधांना या शब्दाने एक भारदस्तपणा येतो. हा शब्द मुळात एका आजाराचे नाव आहे आणि तो आजार झालेली माणसे आपल्याच गल्लीत, आपल्याच वर्गात असतात, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. या विसराळूपणाची किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा विषय आहे. आणि आरोपच करायचा, तर आरोपींच्या यादीत पहिले नाव आमचे स्वतःचे घातले पाहिजे.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी मराठी शिकवणारी मंडळी. काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. घरी कोरडवाहू कपाशी, वडील अल्पशिक्षित, मुलगा वाचणारा. मधल्या सुट्टीत तो हळूहळू एकटा बसू लागला, अंघोळ-कपड्यांचे भान सुटले, स्वतःशी हसू लागला आणि वह्यांमागून वह्या भरू लागला. त्या वह्यांतली वाक्ये मध्येच तुटत; एका शब्दाच्या नादावरून दुसऱ्या शब्दावर उडी पडे आणि अर्थाचा धागा हाती लागता लागता सुटून जाई. आम्ही हरखून गेलो. वार्षिकांकात त्याच्या दोन कविता छापल्या. प्रास्ताविकात 'विखंडित भाषा', 'तर्काला दिलेला नकार' असे शब्द लिहिले. आमच्यापैकी एकाने तर त्याला रात्री जागून लिहीत राहण्याचा सल्ला दिला.

सात-आठ महिन्यांनी त्याचे वडील महाविद्यालयात आले. मुलगा रात्री विहिरीच्या काठावर सापडला होता. आवाज त्याला तिकडे बोलावत होते. उपचार सुरू झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की आजार सुरू होऊन वर्षाहून अधिक काळ लोटला आहे. म्हणजे आम्ही त्याची पाठ थोपटत होतो तेव्हा तो आजारीच होता. आम्ही ज्याला शैली म्हणालो, ते लक्षण होते.

आज तो गोळ्या घेतो, वडिलांबरोबर शेती पाहतो. मध्यंतरी बाजारात भेटला. आमचा विषय निघाल्यावर कोणताही राग न धरता म्हणाला, "सर, त्या कविता मी नव्हत्या लिहिल्या. मले कोणीतरी सांगे, मी फक्त लिहून घेतलं. तुमाले समजलं नाही काय?"

नाही, आम्हाला समजले नव्हते. चौघांच्या एकत्रित वाचनाला, पदव्यांना आणि सिद्धांतांना ते समजले नव्हते. का समजले नाही, याचा शोध घेतला की आपल्या साहित्यव्यवहाराचे एक दुखणे हाती लागते.

प्रथम शब्दाविषयी. स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. विचार, भावना आणि वर्तन यांना एकत्र बांधणारे सूत्र सैल होते, असे त्यांना म्हणायचे होते. एका देहात दोन माणसे नांदतात, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. तरी तोच अर्थ जगभर रूढ झाला आणि मराठीत 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' म्हणून आपण तो आवडीने वापरला. प्रत्यक्षात या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे, आपले विचार चोरत आहे, अशी अढळ खात्री वाटते. बोलण्याची साखळी तुटते. याहून कमी दिसणारी, पण घराला अधिक थकवणारी लक्षणे म्हणजे उमेद आटणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावरचा भाव मावळणे. या लक्षणांना आपल्याकडे 'आळस' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून विशी-तिशीपर्यंत होते. म्हणजे नेमकी आमच्या बाकांवर बसणाऱ्यांच्या वयात. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू झाल्यापासून यावर औषधे उपलब्ध आहेत, आणि उपचार जितके लांबतात तितके सावरणे अवघड होते, हेही माहीत आहे. आमच्या वार्षिकांकाने त्या मुलाचे काय हिरावून घेतले, ते या शेवटच्या वाक्यात आले.

नावाने काय होते, असे कोणी विचारील. भाषेच्या अभ्यासकांनी तरी विचारू नये. जपानमध्ये या आजाराच्या नावाचा शब्दशः अर्थ 'मन फाटण्याचा रोग' असा होता. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने तो बदलण्याची मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये 'एकसूत्रतेचा बिघाड' अशा अर्थाचे नवे नाव आले. त्यापूर्वी ज्यांना आपल्या आजाराचे नाव डॉक्टरांकडून कळत असे अशा रुग्णांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. दोन-तीन वर्षांत ते सुमारे ७० टक्क्यांवर गेले. डॉक्टरांनाच जो शब्द रुग्णासमोर उच्चारवत नव्हता, तो बदलल्यावर संभाषण सुरू झाले. आपल्याकडे 'छिन्नमनस्कता' ह्या संज्ञेवर असा वाद साहित्यवर्तुळात ऐकू येत नाही. आपण त्या शब्दाचा अलंकार करून मोकळे झालो.

वेडाला आपल्या परंपरेत प्रतिष्ठा आहे, असा एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रात लोकांना वेडसर वाटणारे वर्तन पानोपानी आहे, आणि त्याच वर्तनात गावाने देवपण पाहिले. सातशे वर्षांपूर्वीच्या महापुरुषाला आजच्या रोगाची चिठ्ठी चिकटवण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. तो उथळपणा होईल. पण त्या ग्रंथातून घ्यायचेच असेल तर हे घ्यावे की विपरीत वागणाऱ्या माणसाला त्या गावाने हाकलले नाही, उपाशी ठेवले नाही. आपण मात्र त्यातून वेडाचे दैवतीकरण उचलले आणि सांभाळ सोडून दिला. आजही गावात मुलाला आवाज ऐकू येऊ लागले की 'बाहेरचं' म्हणून भगताकडे, मग दर्ग्यावर, मग दुसऱ्या भगताकडे, असा प्रवास होतो. तिकडे भगत आणि इकडे आम्ही समीक्षक, दोघेही एकच गोष्ट करतो: लक्षणात दिव्यत्व शोधतो.

आधुनिक साहित्याने तरी वेगळे केले का? रंगभूमीवर वसंत कानेटकरांच्या 'वेड्याचं घर उन्हात' (१९५७) पासून जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर' पर्यंत मनोविकार आला, आणि समर्थपणे आला, हे मान्य. परंतु नाटकाला वेडाचा स्फोट हवा असतो. पडदा पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाला गोळी कोण देतो, हे नाटकाच्या कक्षेत येत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) आम्हाला म्हणूनच अपवाद वाटतो. त्यात शेषच्या भ्रमाइतकेच महत्त्व त्याच्या बहिणीच्या दमणुकीला आहे. आपल्या अभ्यासक्रमांत अशा कृतींना जागा किती, हे ज्याने त्याने आपापल्या अभ्यास मंडळाला विचारावे.

यापुढची तक्रार सिद्धांतांविषयी. लेंग यांचे 'द डिव्हायडेड सेल्फ' (१९६०), फूको यांचा वेडाचा इतिहास (१९६१), दलझ आणि ग्वातारी यांचा भांडवलशाही आणि स्किझोफ्रेनिया यांवरील ग्रंथ (१९७२) यांच्या आधाराने आपल्याकडे असे शिकवले जाते की वेड ही व्यवस्थेने ठरवलेली कोटी आहे आणि वेडा हाच खरा बंडखोर. या ग्रंथांची ताकद आम्ही नाकारत नाही. फूकोंचा रोख माणसांना कोंडणाऱ्या संस्थांवर होता आणि कोंडण्याचे क्रौर्य आपल्याकडेही घडले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. पण झरी-जामणी किंवा घाटंजीच्या एखाद्या पोडावर जाऊन फूको शिकवताना थोडे थांबले पाहिजे. तेथे माणसाला कोंडायला कोणतीही भव्य संस्था आलेली नाही. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. यवतमाळकराला त्यांतले नागपूर जवळचे, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर. घरचे लोक त्या माणसाला खाटेला बांधतात, कारण दोघांनाही मजुरीला जायचे असते. येथले दुःख संस्थेच्या अतिरेकाचे नाही, तिच्या अभावाचे आहे. पॅरिसमधल्या भरलेल्या रुग्णालयावरची टीका जशीच्या तशी उचलून रिकाम्या आरोग्यकेंद्रावर लावणे, याला आम्ही बौद्धिक आळस म्हणतो.

आता यवतमाळविषयी. या जिल्ह्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन दोनदा भरले: १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या खेपेला नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द करण्यावरून रण माजले आणि उद्घाटन शेतकरी आत्महत्येने पती गमावलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्यांनी धीटपणे मांडणी केली. टाळ्या वाजल्या, आम्हीही वाजवल्या. मग मांडव उतरला आणि 'यवतमाळ' हा शब्द पुन्हा कथा-कवितांत एका ठरीव चित्राचे नाव होऊन राहिला: भेगाळलेली जमीन, कर्जाचा कागद, विषाचा डबा. या चित्रात माणसाच्या मनाला जागा नाही. तो महिनोन्‌महिने झोपत नव्हता का, दारूत बुडत होता का, त्याला संशय येत होते का, हे प्रश्न विचारणेच अशिष्ट ठरले आहे.

यावर येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 'शेतकऱ्याला मनोरुग्ण ठरवले की सरकार सुटले. भाव द्यायचा नाही, सिंचन द्यायचे नाही, वर समुपदेशन घ्या म्हणायचे.' ही भीती निराधार नाही. पण तिच्यावर उपाय म्हणून आजाराचे नावच न घेणे, हे सरकारला नव्हे, रुग्णाला शिक्षा देणे आहे. कर्ज आणि नैराश्य हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत. कर्जाने झोप उडते. झोप उडालेला माणूस पेरणीची वेळ चुकवतो. घरात मनोरुग्ण असेल तर भगताला, गाडीभाड्याला आणि खाजगी दवाखान्याला पैसा जातो आणि नवे कर्ज होते. दोन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत.

आणि येथे शासनाची भाषाच पाहा. २००६ च्या शासननिर्णयानुसार आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी मृत्यूचे कारण नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा या चौकटीत बसावे लागते. बसले तर मृत्यू 'पात्र', नाही तर 'अपात्र'. आजारपण किंवा व्यसन नोंदले गेले की प्रस्ताव अडण्याची धास्ती. मग कोणती विधवा सांगेल की तिच्या नवऱ्याला दोन वर्षे आवाज ऐकू येत होते? कागदाने तिला मौन शिकवले आणि साहित्याने त्या मौनावर शिक्का मारला. दोघांनाही मृत्यू शुद्ध हवा आहे. त्यात आजाराची भेसळ नको.

निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचारांविना आढळले. त्या सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपण त्या आकड्यांतही नाही. पण काही होऊच शकत नाही, असेही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलणे सुरू केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांत उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला आणि रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध केले. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते. सिद्धांताच्या तासाला शेवटची पाच मिनिटे राखून हा क्रमांक फळ्यावर लिहिला, तर फूकोंचा अपमान होणार नाही.

आमची मागणी साधी आहे. 'छिन्नमनस्क' हा शब्द काळाला, शहराला, पिढीला लावणे थांबवावे. त्या सर्वांसाठी मराठीत दुसरे पुष्कळ शब्द आहेत. विद्यार्थ्याची वही तुटक होऊ लागली, तर कवितेचे कौतुक करण्याआधी तो जेवतो का, झोपतो का, घरी कोणाशी बोलतो का, हे विचारावे. कदाचित तो खरोखरच कवी असेल. दोन प्रश्नांनी कविता मरत नाही. आमच्या विद्यार्थ्याने आता लिहिणे सोडले आहे. आम्ही त्याला पुन्हा लिही म्हणालो नाही. तो वार्षिकांक अजून ग्रंथालयात आहे. त्यातले प्रास्ताविक आमच्या नावावर आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे.