पडदा कुणासाठी घेता?

गेल्या पंधरवड्यात वडूजमधले आमच्या शेजारचे एक गवंडीकाम करणारे गृहस्थ सपत्नीक आमच्याकडे आले. मुलगी पदवीधर. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेची तयारी करते आहे. मराठी टंकलेखनाला मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. क्लासच्या एका तासात तो येत नाही, घरी हात बसवावा लागतो. मामाने जुना सीपीयू आणि कीबोर्ड दिला होता. राहिला मॉनिटर. त्यासाठी माउलीने बचत गटातून सात हजार रुपये कर्ज काढलेले.

ते म्हणाले, "दादा, दुकानदार म्हणतोय ३२ इंची टीव्हीच घ्या. एका पैशात दोन कामं हुतील."

आम्ही विचारले, "घरातला टीव्ही?"

"बंद पडलाय."

वाचकहो, खरी अडचण इथेच होती. खोली एक, पडदा एक. रात्री आठला मालिका लागली की मुलीने टायपिंग कुठे करायचे?

दुसरी गोष्ट अक्षरांची. स्वस्तातल्या ३२ इंची टीव्हीच्या पडद्यावर बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, म्हणजे सुमारे साडेदहा लाख. २२ इंची साध्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. पडदा लहान, ठिपके दुप्पट. म्हणून अक्षर रेखीव दिसते. मराठीत अनुस्वार, रफार, वेलांटी, जोडाक्षरे नीट दिसली नाहीत तर चूक ध्यानात येत नाही आणि डोळेही शिणतात. तेव्हा आधी ठिपके विचारावेत, मग इंच. पडदा आयपीएस असेल तर बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत. चकचकीत पडद्यापेक्षा मॅट बरा, त्यात खिडकीचा उजेड कमी चमकतो.

आमची स्वतःची चूकही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी मॉनिटर आणला, पण सीपीयूची मागची बाजू पाहिलीच नाही. सीपीयूला जुनी निळी, पंधरा टाचण्यांची व्हीजीए जोडणी. मॉनिटरला फक्त एचडीएमआय. कन्व्हर्टरसाठी साताऱ्याची खेप पडली, एसटीचे भाडे वेगळे. म्हणून दुकानात जाताना सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून न्यावा.

मॉनिटर दुकानातच लावून बघावा. पूर्ण पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र लावले की मेलेला ठिपका लगेच दिसतो. खोक्यावर बीआयएसची नोंदणी खूण पाहावी. पुष्कळ स्वस्त मॉनिटरना स्पीकर नसतो, तेही विचारावे. "बिल नको असेल तर कमी करतो" असे कुणी म्हटले तरी पक्के बिल सोडू नये. बऱ्याच कंपन्या तीन वर्षांची हमी देतात, पण बिल नसेल तर ती मागायची कशाच्या जोरावर? दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

घरी आणल्यावर पडदा डोळ्यांपासून हातभर दूर ठेवावा. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहावे.

हे सारे ऐकून गृहस्थ गप्प बसले. बोलल्या त्या बाई. कर्जाचा हप्ता त्याच फेडणार होत्या. म्हणाल्या, "मालिका मी शेजारी बघीन. पोरीचं टायपिंग व्हायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मुलीला बरोबर घेऊन ते दुकानात गेले. तिने स्वतः मराठीत चार ओळी टाईप करून पाहिल्या आणि २२ इंची मॉनिटर निवडला. ज्याला त्यापुढे बसायचे आहे, त्याला दुकानात नेलेच पाहिजे. टीव्ही काय, सवडीने दुरुस्त होईल.