शून्य आणि कोरा रकाना

गणिताच्या उत्तरपत्रिकेत एकाने उत्तर '०' लिहिले आणि दुसऱ्याने जागा कोरी सोडली, तर दोघांचे उत्तर सारखेच, असे तुमचे गुरुजी म्हणतील काय? मुळीच नाही. पण अपघातात जखमी झालेल्यांच्या नोंदींत मात्र ही गल्लत सहज होऊ शकते.

पुणे जिल्ह्यात शिरूरजवळून नगर रस्ता जातो, तर दौंड तालुक्यातून सोलापूर रस्ता. समजा, दोन्हींवर एकेक अपघात झाला. शिरूरच्या जखमीच्या केसपेपरवर लिहिले गेले, 'दारूचा वास येतो.' दौंडच्या जखमीचा मद्याचा रकाना कोराच राहिला. तो प्यायला नव्हता, की तपासणीच झाली नाही? वर्षअखेर बेरीज करणाऱ्याने कोरा रकाना म्हणजे 'नाही' असे धरले, तर सारा हिशेब चुकेल.

अशा नोंदी सर्वत्र एकसारख्या व्हाव्यात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत संकेतांक दिले आहेत. 'वाय ९०' हा गट रक्तात मोजलेल्या मद्यासाठी, तर 'वाय ९१' हा लक्षणांवरून केलेल्या अनुमानासाठी. १०० मिलिलिटर रक्तात २० ते ३९ मिलिग्रॅम मद्य आढळले, तर संकेतांक 'वाय ९०.१'. मापन वेगळे आणि अंदाज वेगळा, हा भेद येथे पाळला आहे.

तरीही नुसता संकेतांक पुरेसा नाही, असे माझे मत आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. २५ आणि ३५ हे दोन्ही आकडे 'वाय ९०.१' मध्येच पडतात! म्हणून मूळ आकडाही लिहावा. शिवाय रक्त घेतल्याची वेळ लिहावी. यकृत मद्याचे विघटन करीत असते. रक्तातील प्रमाण दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. जखमीला पुण्याला नेऊन दोन तासांनी रक्त घेतले, तर तेवढ्यात सुमारे ३० मिलिग्रॅम उतरलेले असतात.

नुसत्या अंदाजात आणखी एक धोका आहे. डोक्याला मार लागलेला माणूसही अडखळत बोलतो, गुंगीत जातो. 'प्यालेला दिसतो' म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले, तर जिवावर बेतेल.

कोणी म्हणेल, जखमी समोर तळमळत असताना एवढे कोण लिहीत बसणार? आधी उपचार, हे खरेच. पण तपासणी केली काय, आकडा किती, वेळ कोणती, एवढ्या तीनच गोष्टी तर लिहायच्या आहेत! त्यांवरून कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी चालकांची तपासणी वाढवावी, हे ठरवता येईल.

तुमच्या प्रयोगवहीलाही हाच नियम लावा. मोजून शून्य आले, तर शून्य लिहा. मोजलेच नसेल, तर 'मोजले नाही' असे स्पष्ट लिहा.