कुरडईचे वजन किती?

वाण्याचा काटा, गवळ्याचे माप आणि कापडवाल्याचा गज, या तिघांवर डोळा ठेवण्यात आपल्या आया-आज्यांचा जन्म गेला. त्यांना कोणी फसवू शकत नसे. पण आता घराघरांत एक नवा काटा शिरला आहे, आणि तो वस्तूचे नव्हे तर तिने अडवलेल्या जागेचे वजन करतो. घरबसल्या मोबाईलवरून चार जिन्नस विकणाऱ्या भगिनींना तो काटा कळला नाही, तर सोन्यासारखा माल विकूनही हाती भोपळा येतो. यंदाचा फराळ तुमच्यापैकी कित्येकांनी असाच कुठून तरी मागवला असेल, म्हणून दिवाळीच्या अंकात हा रुक्ष विषय काढण्याचे धाडस करतो.

माझी भाची जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यातल्या आष्टीला राहते. मराठवाड्यातले ऊन कसे असते ते मी सांगायला नको. त्या उन्हाचे सोने करावे म्हणून तिने आणि शेजारच्या तिघींनी वाळवणाचा धंदा काढला. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, आणि कुरडया बाजेवर वाळवायच्या. जोडीला पापड आणि शेवया. गेल्या उन्हाळ्यात माल हातोहात खपला. पुण्या-मुंबईहून मागणी आली, तारीफही आली. पण आषाढात हिशेब झाला तेव्हा चौघींची मजुरीसुद्धा निघाली नाही. “ताई, ऊन आपलं, कष्ट आपले, मग पैसा गेला कुठं?” असे त्या तिघींनी विचारले. भाचीला उत्तर देता येईना. तिने मला फोन केला.

“मामा, पुडा अर्ध्या किलोचा अन् बिल चार किलोचं! त्यांचा काटा खोटा आहे का हो?”

“अगं, काटा खरा आहे. पण त्यांनी कुरडई तोललीच नाही, खोका मोजलाय.”

मी तिच्याकडून खोक्याचे माप घेतले. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची २०. गुणाकार केला तर १८,०००. कुरिअरवाले बहुधा या आकड्याला ५,००० ने भागतात. भागाकार आला ३.६, म्हणजे तीन किलो सहाशे ग्रॅम. खरे वजन आणि हे मापी वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात, आणि तेही पुढच्या पूर्ण टप्प्यापर्यंत. तिचा टप्पा अर्ध्या किलोचा, म्हणून ३.६ चे चार किलो झाले. पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला ४०, या तिच्या दराने ३४० रुपये. त्यावर १८ टक्के कर, एकूण ४०१ रुपये २० पैसे. तिने गिऱ्हाइकाकडून घेतले होते कुरडयांचे २५० आणि पाठवणीचे ८०. म्हणजे कुरडया फुकट, आणि वर ७१ रुपये २० पैसे दक्षिणा! पापडांनी जे मिळवले ते कुरडयांनी खाल्ले, ते असे.

यात कुरिअरवाल्याचा अन्याय नाही. त्याच्या गाडीत जागा ठरलेली असते. ती कुरडयांच्या पोकळ खोक्यांनी भरली तर लोखंडाचे खिळे तो कुठे ठेवणार? ५,००० घन सेंटिमीटर म्हणजे पाच लिटर. पाच लिटरला एक किलो, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. गृहिणींनी हे गणित स्वयंपाकघरात करून पाहावे. लिटरभराच्या भांड्यात तुमचा जिन्नस भरा. तो २०० ग्रॅमपेक्षा कमी भरला तर तुम्ही जागेचे पैसे भरणार, जास्त भरला तर वजनाचे. कुरडई पहिल्या जातीची, पापड आणि लोणचे दुसऱ्या. भागायचा आकडा सगळीकडे सारखा नसतो. माल देण्याआधी तो विचारून घ्यावा.

रोग कळल्यावर औषध सोपे होते. भाचीने कुरडया ताटलीएवढ्या पाडण्याऐवजी पुरीएवढ्या पाडल्या. त्या थराला थर लावून बसतात आणि मोडतातही कमी. नवा खोका २५ बाय २० बाय १५. गुणाकार ७,५००, भागाकार दीड किलो. दर १४० रुपये, करासह १६५ रुपये २० पैसे. आता खरी मेख पाहा. दीड किलोचे पैसे भरायचेच आहेत, मग आत अर्धा किलोच माल का? तिने अर्धा किलो कुरडयांबरोबर सातशे ग्रॅम पापड-शेवया भरायला सुरुवात केली. खोका, कागद, चिकटपट्टी धरून वजन दीड किलोच्या आत राहिले आणि भाडे एक पैसाही वाढले नाही.

नुसत्या पापडांत दुसरी युक्ती. ५०० ग्रॅम पापड आणि ९० ग्रॅम वेष्टन मिळून ५९० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा दर, करासह ११८ रुपये. तेच ४०० ग्रॅम पापड २० बाय १५ बाय ८ च्या खोक्यात बसवले, तर ४९० ग्रॅम. दर अर्ध्या किलोचा, ७० रुपये ८० पैसे. शंभर ग्रॅम पापडांपायी ४७ रुपये २० पैसे जात होते!

पत्राला हा व्याप नव्हता. इंग्लंडात रोलंड हिल यांनी १८३७ साली दाखवून दिले की पत्राचा मुख्य खर्च अंतराचा नसून हाताळणीचा असतो. त्यातून १८४० चे पेनी पोस्ट निघाले, आणि १८५४ पासून हिंदुस्थानातही अर्ध्या आण्यात हलके पत्र कुठेही जाऊ लागले. पार्सल मात्र जागा, वजन आणि अंतर तिन्ही मागते. पुण्याचा दर गुवाहाटीला चालत नाही. सगळ्यांना एकच भाडे सांगायचे असेल तर मागच्या महिन्याची सरासरी काढावी, अंदाजाने आकडा फेकू नये.

शिवाय परत येणारे पार्सल! माल मिळाल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याची व्ही. पी. १८७७ पासून आहे. पण दारात आलेला माल कोणी नाकारला, तर जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही भाडी विकणाऱ्याच्या माथी. समजा वीस खोकी गेली आणि दोन परत आली. म्हणजे बावीस फेऱ्या, प्रत्येकी १६५.२० प्रमाणे ३,६३४ रुपये ४० पैसे. वीस खोक्यांचे, पंचवीसप्रमाणे, ५००. ही रक्कम अठरा गिऱ्हाइकांत वाटली की प्रत्येकी सुमारे २३० रुपये येतात. खरे भाडे ते, १६५ नव्हे. अडीचशेच्या कुरडयांवर २३० जड वाटतात. सहाशेच्या भरल्या खोक्यावर तेच पटतात.

पत्त्याचीही हेळसांड नको. आष्टी एक नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे, वर्ध्यात आष्टी आहे, आणि १८१८ साली बापू गोखले जिथे पडले ती आष्टी सोलापूरकडची. असल्या घोळावर उपाय म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिनकोड योजला, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. पिनचा एक अंक चुकला तर पार्सल भलत्याच आष्टीचे दर्शन घेऊन येते, आणि त्या यात्रेचा खर्चही आपलाच.

आता भाचीच्या वहीत प्रत्येक जिनसापुढे चार रकाने आहेत: खरे वजन, मापी वजन, वेष्टन, परतीचा वाटा. यंदा तिघींची मजुरी आधी बाजूला निघाली, मग नफा मोजला गेला.

वाचकहो, विकणाऱ्यांसाठी एवढे सांगितले. घेणाऱ्यांसाठी दोनच शब्द. शेजारणीने शेजारणीला विचारून एकाच खोक्यात मागवावे, दोघींचे भाडे वाचेल. आणि एकदा मागवलेला माल दारातून परत धाडू नये. तुम्ही सहज “नको” म्हणता, त्या एका शब्दाची किंमत कुठल्या तरी गावात, उन्हात बसून कुरडया पाडणारी बाई भरत असते. दिवाळी सर्वांना सुखाची जावो, तुम्हालाही आणि तिलाही.