दुभाष्याच्या आधी

दीपोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या या अंकाचे पहिले पान आम्ही यंदा अशा बालकांसाठी राखून ठेवले आहे, की ज्यांच्यापर्यंत भाषा पोहोचते ती डोळ्यांच्या वाटेने. जन्मतः कर्णबधिर असलेली बहुसंख्य मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्माला येतात. घरात माया उदंड असते, आजी गोष्ट सांगत असते, परंतु त्या मुलाला दिसेल आणि समजेल अशी भाषा घरात कोणालाच अवगत नसते. परिणामी, शाळेच्या दप्तरी वय सहा वर्षे लागले, तरी भाषेच्या हिशेबी त्याच्या पदरी एक वर्षही जमा नसते, असे पुष्कळदा घडते.

सन १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने सांकेतिक भाषेला वर्गाबाहेर घालविण्याचा ठराव केला. त्याच दशकात मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली, आणि ओठ वाचणे व उच्चार घोटविणे हाच शिक्षणाचा राजमार्ग होय, हा समज आपल्याकडेही दीर्घकाळ मुरला. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद प्रकट होण्यास २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०२१ मध्ये त्याचा शब्दकोश दहा हजार शब्दांचा झाला. हे मोलाचे आहे. तथापि वर्गात एक दुभाषी नेमला आणि नेमणुकीस मंजुरी मिळाली, की कर्तव्य पुरे झाले, ही जी समजूत बळावत आहे ती आम्हांस घातक वाटते.

एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत पोहोचविणे एवढेच दुभाष्याचे काम; ज्या मुलापाशी अजून भाषाच नाही, त्याला तो काय पोहोचविणार? शिवाय दुभाष्याचा उपयोग करून घेणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती कोवळ्या वयात मुद्दाम शिकवावी लागते. समोर हात हालविणाऱ्या ताई स्वतःचे काही सांगत नसून गुरुजींचे सांगत आहेत; शंका आली तर ती गुरुजींनाच विचारावयाची; समजले नाही तर हात वर करून त्यांना थांबविण्याची आपल्याला मुभा आहे; मागच्या बाकावर कशावरून हशा पिकला, तेही जाणून घेण्याचा आपला हक्क आहे. हे मुलाला कोणी सांगितले नाही, तर ते त्या ताईंनाच आपली शिक्षिका आणि एकमेव सोबतीण मानून बसते, आणि भरल्या वर्गात एकटे पडते. गुरुजींनाही शिकण्यासारखे आहे: ऐकणारे मूल लिहिता लिहिता ऐकते, पण कर्णबधिर मुलाला फळा आणि हात एकाच क्षणी पाहता येत नाहीत, म्हणून फळ्यावर लिहून झाल्यावर क्षणभर थांबले पाहिजे, आणि दुभाष्याला खिडकीकडे पाठ करून उभे करता कामा नये, कारण विधान कोणते व प्रश्न कोणता, हे पुष्कळदा चेहऱ्यावरूनच कळते.

या सर्वांच्या आधी, बालवाडीच्याही आधी, मुलाच्या सहवासात सांकेतिक भाषा सहज बोलणारी कर्णबधिर प्रौढ माणसे आली पाहिजेत, आणि आईबापांनी त्यांच्यापाशी बसून ती भाषा शिकली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही धरून, तयार करण्याची व नेमण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. तेव्हा जिल्हा परिषदेकडे दुभाष्यासाठी अर्ज जाईल, त्याच अर्जात गावच्या अंगणवाडीसाठी एका कर्णबधिर शिक्षिकेचीही मागणी व्हावी, असा आमचा आग्रह आहे.