गाजर गवत उपटायचे कोणी?

'चटकचांदणी' हा शब्द आपल्याकडे नटव्या बाईला हिणवण्यासाठी वापरतात. एका तणालाही हेच नाव आहे. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात ते हे तण. नकोशा, न आवरणाऱ्या झाडाला बाईची शिवी चिकटवली. पण ते उपटणाऱ्या बाईचा विचार कोणी केला?

खरे तर हे गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातले हे झुडूप अमेरिका खंडातले. १९५५च्या सुमारास ते पुण्यात आढळले; आयात धान्याबरोबर आले असे मानतात. आज ते मराठवाड्याच्या शेतांत आहे, तसे घाटकोपर-मुलुंडच्या मोकळ्या जागांवरही आहे. पावसाबरोबर उगवते, महिना-सव्वा महिन्यात फुलते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून 'फुलण्यापूर्वी मुळासकट उपटा' असे तज्ज्ञ सांगतात. सल्ला योग्यच आहे. प्रश्न आहे तो हातांचा.

ओळींमधले तण पुरुष बैलांच्या कोळप्याने काढतो. रोपांच्या बुडाशी उरलेले काढायला बाई दिवसभर उकिडवी बसून खुरपे चालवते. कोळपणीला कसब म्हणायचे आणि खुरपणीला 'बायकांचे काम'! समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमीच राहिली.

या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याने हात, मान, पापण्या खाजतात, सुजतात, कातडी जाड होते. एकदा हा त्रास जडला की पुन्हा संपर्क येताच उफाळतो. परागांमुळे दम्याचाही त्रास होतो. तरीही मजुरीवर येणाऱ्या बाईला हातमोजे देणारा मालक विरळाच.

मग तणनाशक फवारावे का? खुरपणीचे गोडवे आपल्याला गायचे नाहीत. ते कंबर मोडणारे काम आहे. पण फवारा आला की पहिली मजुरी बाईचीच बुडते. शिवाय फवाऱ्याचे पाणी वाहणे आणि विषाने भिजलेले कपडे धुणे तिच्याच वाट्याला येते. ग्लायफोसेट या तणनाशकामुळे माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली म्हटले. २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. हा निर्णय घेताना किंवा त्याआधी, शेतमजूर बाईला कोणी विचारले होते का?

इतर मार्गही आहेत. हे झाड खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो. टाकळा दाट वाढला तर गाजर गवताला जागा उरत नाही. अंधेरी-बोरिवलीच्या बाजारात पावसाळ्यात भाजी म्हणून विकायला येतो तोच हा टाकळा. त्याची ओळख बायकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. शपथा होतात, फोटो निघतात. आपल्या गटांनी त्या आठवड्यात तीन मागण्या मांडाव्यात: खुरपणी हे कसबी काम माना आणि समान मजुरी द्या, हातमोजे व त्वचेची तपासणी मालकाच्या खर्चाने करा, तणनाशकाचा निर्णय खुरपणाऱ्या बायांना विचारून घ्या. उपनगरांतल्या बागा आणि आवारे साफ करणाऱ्या कंत्राटी बायांनाही या मागण्या तितक्याच लागू आहेत. तण उपटणारे हात मोजले जात नाहीत, तोवर तणाचा हिशेब पुरा होणार नाही.